वारसा सगळ्यांचा, गळकं छप्पर मात्र त्यांचं

आपल्याकडे वारसा जपायची पद्धत फार सोपी आहे. नकाशा घ्यायचा, त्यावर एक रेषा काढायची, रेषेच्या आत राहणाऱ्यांना काय करायचं नाही ते सांगायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. पुढे छप्पर गळो, भिंत फुगो, जिना खचो, ती त्यांची भानगड. वारसा शहराचा, अभिमान राज्याचा, रील आपली आणि दुरुस्तीचं बिल मात्र आत राहणाऱ्याचं.

हे असं लिहिलं की दोन बाजूंनी ओरड होते. वारसाप्रेमी म्हणतात, हा बिल्डरांचा माणूस दिसतोय. बिल्डर म्हणतात, बघा, आम्ही हेच सांगत होतो. दोघांनाही आधीच सांगतो, की जुनी शहरं टिकली पाहिजेत असंच मला वाटतं. तक्रार आहे ती आपण ती ज्या पद्धतीने टिकवायला निघालो आहोत तिच्याबद्दल. या पद्धतीने ती टिकत नाहीत, फक्त सावकाश मरतात.

आपल्या शहरांत वारशाची रेषा दोन ठिकाणांहून येते. एक दिल्लीहून, म्हणजे केंद्राच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातून. दुसरी महानगरपालिकेकडून, म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीतून. पहिलीचं उदाहरण पुण्यात बघू, दुसरीचं मुंबईत.

शंभर मीटर

पुण्यात कॉलेज केलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोरचा एक तरी फोटो असतो. हा वाडा बांधून झाला १७३२ मध्ये. १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं जळालं. आज उरलंय ते तट, दरवाजे, नगारखाना आणि आतली जोती. म्हणजे आपण ज्याला वाडा म्हणतो तो प्रत्यक्षात वाड्याभोवतीचा कोट आहे. तो जपलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही.

आता रस्ता ओलांडून कसब्यात किंवा शनिवार पेठेत शिरा. तिथे अजूनही काही खरे वाडे उभे आहेत. दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती ओसरी, लाकडी खांब आणि तुळया, विटामातीच्या जाड भिंती. यांत माणसं राहतात. कुठे मालक, कुठे तीन पिढ्यांचे भाडेकरू, बहुतेक ठिकाणी दोन्ही, आणि दोघांचं आपसात पटत नाही.

केंद्राच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रत्येक स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून सगळीकडे १०० मीटरचा पट्टा ‘प्रतिषिद्ध’ झाला. तिथे नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा ‘विनियमित’, तिथे परवानगी घेऊन बांधायचं. १०० मीटरच्या आत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण तीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी आणून. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय, ते वाड्यात राहणाऱ्याच्या जागी बसून बघा. घर दीडशे वर्षांचं आहे. पावसाळ्यात मातीची भिंत पाणी पिते आणि फुगते. तुळईचं टोक भिंतीत सडतं. महानगरपालिका ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस चिकटवते आणि धोकादायक भाग उतरवून घ्या म्हणते. उतरवला तर त्या जागी पुन्हा बांधता येत नाही, कारण ते नवं बांधकाम ठरतं. नाही उतरवला तर एका पावसात तो आपणहून उतरतो, आणि तेव्हा खाली कोण झोपलेलं असेल ते सांगता येत नाही. एक सरकार सांगतं पाडा, दुसरं सांगतं पाडलंत तर बांधू नका. दोन्ही नोटिसांवर शिक्के खरे आहेत.

म्हणजे जळून गेलेल्या वाड्याच्या कोटाचं रक्षण करताना आपण त्याच्या समोरचे जिवंत वाडे कुजवतो आहोत. शनिवारवाडा ज्या पेठांमध्ये उभा राहिला त्या पेठाच त्याचा संदर्भ. त्या पडल्या की मागे उरेल ते मोकळ्या प्लॉटांच्या, पार्किंगच्या आणि पत्र्याच्या शेडच्या मधोमध उभं असलेलं एक तिकिटाचं ठिकाण.

१०० मीटर हा आकडा कुठल्या एका स्मारकाकडे बघून काढलेला नाही. देशात केंद्राच्या ताब्यात साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत. माळरानावरचं देऊळ, जंगलातलं लेणं, गर्दीच्या पेठेतला वाडा, सगळ्यांना एकच माप. माळरानावर १०० मीटरमध्ये चार बाभळी असतील, पेठेत शेकडो घरं असतात. प्रत्येक स्मारकाचा परिसर बघून स्वतंत्र उपविधी करायचे, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. पण बहुतेक स्मारकांच्या बाबतीत ते वर्षानुवर्षं झालेच नाहीत. बंदी लगेच लागू झाली, विचार मात्र सवडीने करायचा राहिला.

या बंदीचा त्रास कोणाला दिसला नाही असंही नाही. केंद्र सरकारला स्वतःला दिसला. १०० मीटरच्या आत सरकारी सार्वजनिक कामांना वाट मोकळी करून देणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेने जानेवारी २०१८ मध्ये मंजूरही केलं होतं. ते राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं आणि कायदा झाला नाही. पण त्यातून मनातलं कळलं. उड्डाणपूल अडला तर कायदा बदलायला हवा असं वाटतं, आणि माणसाची भिंत अडली तर वारसा आठवतो.

तिसरी श्रेणी

आता महानगरपालिकेच्या रेषेकडे वळू. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियम केले. देशातल्या कुठल्याही शहराने असे नियम करण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पुरातत्त्व खात्याच्या कायद्यात न बसणाऱ्या, माणसांच्या वापरातल्या इमारती पहिल्यांदाच कायद्याच्या छत्राखाली आल्या. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची यादी झाली, तज्ज्ञांची वारसा संवर्धन समिती नेमली गेली. पुढे पुण्यानेही सुमारे अडीचशे वास्तूंची अशीच यादी केली.

यादीत तीन श्रेणी आहेत. पहिलीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, त्यांना हात लावायचा नाही. दुसरीत प्रादेशिक आणि स्थानिक महत्त्वाच्या, त्यांत आतले बदल जपून करता येतात. तिसरीत शहराच्या रूपाला आकार देणाऱ्या वास्तू आणि वस्त्या, तिथे सवलती जास्त आणि पाडून नव्याने बांधायची वाटही बरीच मोकळी.

कागदावर हे नीट वाटतं. पण पहिल्या श्रेणीत कोण आहे ते बघा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय यांसारख्या इमारती. यातल्या बहुतेकांची मालक सरकारी किंवा तितकीच मोठी संस्था. दुरुस्ती करायची झाली तर अंदाजपत्रकात तरतूद होते, निविदा निघते, चुन्याचं काम जाणणारे कारागीर शोधून आणले जातात. टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा आहे. मुंबईची व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींची रांग २०१८ पासून. छान झालं.

तिसऱ्या श्रेणीत कोण? गिरगावातली खोताची वाडी बघा. लाकडी जिने, पडव्या, कौलं, दारातले क्रूस. इथे एके काळी साठेक घरं होती, आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. वाडीला वारशाचा दर्जा होता आणि घरं तरीही गेली. लाकूड बदलायचा खर्च घरवाल्याचा, रंगाचा खर्च घरवाल्याचा, परवानगीच्या खेपा घरवाल्याच्या आणि शेजारी उठणाऱ्या टॉवरची सावलीही त्याच्याच अंगणात. चौथी पिढी परदेशी गेली, भावंडांच्या वाटण्या झाल्या आणि बिल्डर चेक घेऊन दारात उभा राहिला, तर त्या घरवाल्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? त्या घराचा फोटो हजारोंनी काढला, पण कौलाला कोणी हातभार लावला?

तिसरी श्रेणी म्हणजे शहराचं रोजचं जगणं आहे. ज्या गोष्टीमुळे गिरगाव गिरगाव वाटतं, ती हीच. तिलाच सगळ्यात कमी संरक्षण आणि सगळ्यात कमी पैसा.

पैशाचं गणित

‘भरपाई मिळते की, टीडीआर आहे ना,’ असं इथे कोणीतरी म्हणेल. टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. तुमच्या प्लॉटवर नियमाने जेवढं बांधता आलं असतं, पण वारशामुळे बांधता येत नाही, तेवढा हक्क कागदावर मिळतो आणि तो दुसऱ्याला विकता येतो.

ही कल्पना अमेरिकेतून आलेली. न्यूयॉर्कचं भव्य पेनसिल्व्हेनिया स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं, शहर हळहळलं आणि १९६५ मध्ये तिथे वारसा वास्तूंचा कायदा झाला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर उभारायला परवानगी नाकारली म्हणून मालक रेल्वे कंपनी न्यायालयात गेली. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. शहर जपणुकीची बंधनं घालू शकतं, यावर तेव्हा शिक्कामोर्तब झालं. स्टेशन चालू ठेवून कंपनी कमाई करू शकते आणि डोक्यावरचे हक्क जवळपासच्या प्लॉटांवर वापरू शकते, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं.

त्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. वारशाच्या बंधनामुळे मालकाला मालमत्तेवर ठरावीक परतावा, साधारण ६ टक्के, मिळत नसेल तर तो शहराकडे जाऊन तसं सिद्ध करू शकतो. मग शहराला करसवलतीसारखा काही उपाय काढावा लागतो, नाहीतर बंधन सैल करावं लागतं. म्हणजे बंधन घालणाऱ्यावर जबाबदारी येते. आपण हक्क विकायची युक्ती घेतली, ही जबाबदारी सोडून दिली.

आणि ती युक्तीही जिथे गरज आहे तिथेच पांगळी पडते. दक्षिण मुंबईतल्या अनेक जुन्या इमारती एफएसआयचे नियम येण्याआधीच्या आहेत. मूळ बांधकामच आजच्या १.३३ च्या मर्यादेपेक्षा जास्त. मग न वापरलेला हक्क उरतोच किती? शून्य. विकायचं काय? ज्याच्याकडे मोठं आवार आणि मधोमध छोटा बंगला आहे, त्याला टीडीआर भरपूर. दाटीवाटीच्या चाळीला काही नाही. भाडेकरूला तर कुठेच काही नाही, कारण हक्क मिळतो तो जमिनीच्या मालकाला.

भाडेकरूचा विषय निघाला की १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापर्यंत जावं लागतं. भाडी १९४० च्या पातळीला गोठली. फाळणीच्या आणि युद्धोत्तर टंचाईच्या काळात ते गरजेचंही होतं. पण दशकानुदशकं ती तशीच राहिली, आणि भाडं चहाच्या बिलाएवढं झाल्यावर मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ आणलं, इमारतींवर उपकर बसवला. अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. मंडळ टेकू देतं, गळती थांबवतं. पण कोरीव कठडा किंवा बिडाचा खांब होता तसा परत करणं त्याच्या खर्चमर्यादेत बसत नाही. यातल्या कित्येक इमारती वारसा यादीतही आहेत. एका कार्यालयाचा नियम म्हणतो जसं होतं तसंच करा, दुसऱ्याचा हिशेब म्हणतो तेवढे पैसे नाहीत.

याचा शेवट कसा होतो ते काळा घोड्याजवळ दिसतं. एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. इंग्लंडमध्ये घडवलेले बिडाचे भाग जहाजाने आणून १८६० च्या दशकात जोडलेली इमारत. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. यादीत तिची श्रेणी दोन-अ. २००५ मध्ये बाल्कन्यांचा भाग कोसळला. त्याच वर्षी ती जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत गेली. मालक, भाडेकरू, म्हाडा, वारसा समिती आणि न्यायालय यांच्यात वर्षं गेली. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली गेली, आणि आयआयटीच्या अहवालाने ती पाडावी असं सुचवलं. वारसा म्हणून तिचं नाव कोणत्या यादीत नव्हतं? एकूणएक याद्यांत होतं. नव्हतं ते कोणाच्याही अंदाजपत्रकात.

कोणाचा इतिहास

आता यादीत काय येतं याइतकाच महत्त्वाचा प्रश्न विचारू. काय येत नाही?

मुंबई घडवली ती गिरण्यांनी. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली गिरणी उभी राहिली आणि पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा मिळून गिरणगाव झालं. चाळी, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं, कामगार रंगभूमी, लाल बावटा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांचं परत जाणं झालंच नाही.

या भागाला ‘वारसा परिसर’ म्हणून एकसंध जपावं असं कोणत्याही नियमाने म्हटलं नाही. उलट, एका नियमातल्या शब्दाने त्याचा निकाल लावला. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला, की वाटे फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे होतील. जिथे शेड उभी आहे ती जमीन हिशेबातून बाहेर. गिरण्यांत मोकळी जमीन असणार किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. पुढचं तुम्ही बघताच आहात. मॉल, काचेचे टॉवर आणि मधूनच शोभेला ठेवलेली एखादी चिमणी.

म्हणून नियमावली हा कंटाळवाणा कागद आहे असं समजू नका. शंभर मीटरचा एक आकडा पेठ कुजवतो, ‘मोकळी’ हा एक शब्द गिरणगाव पुसतो. नियमात ताकद नाही असं नाहीच. ती कोणासाठी वापरायची हे ठरवणारे ठरवतात.

‘हेरिटेज लागलं’

२०१२ मध्ये मुंबईच्या यादीत आठशेहून अधिक नव्या वास्तू आणि परिसर घालायचा प्रस्ताव आला. त्यात शिवाजी पार्कचा परिसरही होता. वारसा म्हणून गौरव होतोय म्हटल्यावर रहिवाशांनी पेढे वाटायला हवे होते. झालं उलटं. सभा झाल्या, निषेध झाला, राजकीय पक्ष मैदानात उतरले. बोलण्यातला शब्द लक्षात ठेवण्यासारखा होता. लोक म्हणत होते, ‘आमच्या बिल्डिंगला हेरिटेज लागलं.’ पनवती लागावी, साडेसाती लागावी तसं.

त्या रहिवाशांना अडाणी किंवा लोभी म्हणणं सोपं आहे. पण लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर सत्तरीतली माणसं राहतात, स्लॅबचे पोपडे पडतात, आणि पुनर्विकास हाच एकमेव मार्ग असं शहराने त्यांना तीस वर्षं शिकवलंय. दुरुस्तीसाठी अनुदान नाही, स्वस्त कर्ज नाही, करसवलतीचा भरवसा नाही. अशा वेळी वारशाचा दर्जा म्हणजे एकमेव दार बंद होणं. मग त्यांनी विरोध करू नये तर काय करावं?

मग काय करायचं?

‘नियम सैल केले तर बिल्डर सगळं गिळतील’ ही भीती खरी आहे. वाडेवाल्यांच्या मोर्च्यामागे कधी कधी बिल्डरची गाडी उभी असते, हेही खरं. पण त्यावर उत्तर आहे, आणि ते नियम सैल करण्याचं नाही.

पहिलं, १०० मीटरच्या आत राहत्या घराला ‘होतं तेवढं’ बांधायची परवानगी हवी. तेवढंच क्षेत्र, तेवढीच उंची, रस्त्याकडचं तेच रूप. यात बिल्डरला काही मिळत नाही, कारण विकायला एक चौरस फूटही जास्त होत नाही. राहणाऱ्याला मात्र घर परत मिळतं. वाढीव मजला मागणाऱ्याला नाही म्हणा. भिंत मागणाऱ्याला नाही म्हणू नका.

दुसरं, यादी करणाऱ्याने यादीसोबत पैसा ठेवावा. मुंबई महापालिका जादा एफएसआयवर बिल्डरांकडून प्रीमियम घेते. त्यातला ठरावीक वाटा वारसा दुरुस्ती निधीत बांधून टाका आणि तो आधी तिसऱ्या श्रेणीला द्या. शहर उंच वाढवून जो पैसा येतो, त्यातून शहराची जुनी मुळं जपली जावीत, हे मागणं काही फार मोठं नाही. टीडीआर मिळाला तर त्यातला हिस्सा इमारतीच्या दुरुस्तीलाच लागेल आणि भाडेकरूचं घर त्यात सुरक्षित राहील, अशी अट घाला.

तिसरं, परवानगीला मुदत आणि एकच खिडकी. पावसाळ्याआधी भिंत बांधायची असेल तर परवानगी दिवाळीत येऊन उपयोग नाही.

चौथं, यादीत काय असावं हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. कमानी आणि घुमट ओळखणारे तज्ज्ञ हवेतच. पण कोणत्या चाळीच्या चौकात सभा होत, कोणत्या खानावळीत गिरणीची पाळी सुटल्यावर पंगत बसे, हे तिथल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं.

आणि यात तुमचं-माझंही काम आहे. विकास आराखडा किंवा नियमावलीत बदल करायचा तर सरकारला जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. साधारण महिनाभराची मुदत असते. बिल्डरांचे वकील पहिल्याच आठवड्यात हरकत देतात. आपण महिना संपल्यावर जुन्या शहराचे फोटो टाकतो, खाली रडका इमोजी. पुढच्या वेळी सूचना निघेल तेव्हा एक साधी अर्ध्या पानाची हरकत लिहा. मराठीत चालते, वकील लागत नाही. लिहा, की या यादीतल्या घरांच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार ते आधी सांगा. हजार जणांनी हाच एक प्रश्न विचारला, तर सुनावणीत त्याचं उत्तर कोणाला तरी द्यावं लागेल.